आतड्याची भिंत किती मिलिमीटर? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आयबीडी (आतड्यांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या सुजेचे आजार) या एकाच छत्राखालचे दोन आजार. त्यांबद्दल आलेल्या पत्रांत औषधांपेक्षा तपासण्यांविषयीच जास्त विचारलं आहे. काहींनी तर पाच-पाच वर्षांच्या रिपोर्टांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. पत्रातून कुणाचा उपचार ठरवता येत नाही. पण रिपोर्ट कसा वाचायचा, तपासणी कुठे फसते आणि का फसते, हे सांगता येतं. पोटविकारतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

मुलाचं वय २४. दोन वर्षांपूर्वी क्रोन्सचं निदान झालं, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सूज होती. आता पोट दुखत नाही, वजन ४ किलोंनी वाढलं, भाकरी-उसळ सगळं पचतं. तरी डॉक्टर पुन्हा एमआर एन्टेरोग्राफी (लहान आतड्याचा एमआरआय) करायला सांगतात. बरं वाटत असताना हा खर्च कशासाठी? – एक पालक, नाशिक

क्रोन्समध्ये दुखणं आणि सूज हातात हात घालून चालत नाहीत, ही या आजाराची मोठी खोड. सूज आतड्याच्या भिंतीत आरपार असते. आतडं बऱ्यापैकी अरुंद होईपर्यंत किंवा शेजारी गळू होईपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही, असं कितीतरी जणांच्या बाबतीत होतं. उलटही होतं: सूज पूर्ण ओसरलेली असते आणि पोट मात्र कुरकुरत राहतं. म्हणून तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये ‘स्ट्राइड-२’ नावाने जी उद्दिष्टं मांडली, त्यांत त्रास थांबणं ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही. पुढे रक्तातला सीआरपी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, सूज दाखवणारी ही दोन मापं, खाली यायला हवीत आणि त्यानंतर दुर्बिणीतून जखमा भरलेल्या दिसायला हव्यात. संपूर्ण भिंत बरी होणं हे अजून औपचारिक उद्दिष्ट नाही. बरं होणं किती खोलवर गेलंय, हे ताडून पाहायला त्याचा उपयोग करतात.

मग नुसतं कॅलप्रोटेक्टिन का पुरत नाही? एका ग्रॅममागे १०० ते १५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर धीर येतो, २५०च्या वर गेलं तर संशय घ्यायचा. पण आजार फक्त लहान आतड्यात असेल तर आकडा फसवा कमी येऊ शकतो आणि गुडघा दुखतो म्हणून आठवडाभर डायक्लोफेनॅक घेतलं तर सूज नसतानाही चढतो. कोलोनोस्कोपीची दुर्बीण लहान आतड्यात जेमतेम काही सेंटिमीटर शिरते, लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप आकसली असेल तर तेवढीही नाही, आणि तिला दिसतं ते फक्त आतलं अस्तर. त्यापलीकडचं बघायला एमआर.

आता तुम्ही जोडलेला जुना रिपोर्ट. त्यात लिहिलंय: टर्मिनल इलियमची (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची) भिंत ७ मिमी, लांबी १४ सेंमी, भिंतीत पाणी, भोवतालच्या चरबीत सूज, ‘कोंब साइन’, अल्सर नाही. नीट फुगलेल्या लहान आतड्याची भिंत ३ मिमीपर्यंत असते. ३ ते ५ सौम्य, ५ ते ९ मध्यम, १० आणि पुढे तीव्र. कोंब साइन म्हणजे आतड्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या फुगून कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने दिसणं. तिथे रक्त जास्त खेळतंय, म्हणजे आग चालू आहे.

हे सगळं एका आकड्यात बसवायला ‘सुधारित सोपा मारिया’ गुणांक वापरतात. भिंत ३ मिमीपेक्षा जाड असेल तर १ गुण, भिंतीत पाणी असेल तर १, चरबीत सूज असेल तर १ आणि अल्सर असतील तर २. हिशोब आतड्याच्या प्रत्येक तुकड्याचा वेगळा करायचा. १ किंवा जास्त आला तर आजार जागा, २ किंवा जास्त आला तर तीव्र. मुलाच्या त्या तुकड्याचे तेव्हा ३ गुण होतात. नव्या तपासणीत भिंत ४ मिमी निघाली आणि पाणी, चरबीतली सूज दोन्ही गेली असेल, तर उरेल १. कागदावर तोही ‘जागा’ आजार. पण बऱ्या झालेल्या भिंतीत व्रणाची जाडी मागे राहू शकते, म्हणून तो १ कॅलप्रोटेक्टिनशेजारी ठेवूनच वाचायचा. आणि जर परत ३च आले, तर मुलगा कितीही हसता-खेळता असो, औषध पुरेसं लागू पडत नाहीये. हे आता कळलं तर औषध बदलता येतं. आतडं आकसल्यावर कळलं तर ऑपरेशनची भाषा सुरू होते.

आकसलेला भाग ओळखायची खूणही सांगून ठेवतो. शेजारच्या निरोगी आतड्याच्या तुलनेत पोकळी निम्म्याहून कमी आणि त्याच्या मागचं आतडं ३ सेंमी किंवा जास्त फुगलेलं. ‘हे आकसणं सुजेचं की व्रणाचं?’ असं सगळेच विचारतात. बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेली असतात आणि एमआर त्यांची सरळ फाळणी करून देऊ शकत नाही.

तपासणी जमल्यास त्याच केंद्रात करा. जुन्या तपासणीची फिल्म नव्हे, सीडी घेऊन जा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, त्यांवर नव्याने मोजता येत नाही. आणि रेडिओलॉजिस्टला जुनं-नवं शेजारी लावूनच फरक सांगायचा असतो.

एमआर एन्टेरोग्राफीसाठी दीड लिटर औषधी पाणी प्यायला दिलं. लिटरभर कसंबसं गेलं, मग उलटी झाली. रिपोर्टात ‘सबऑप्टिमल डिस्टेन्शन’ (आतडं पुरेसं फुगलेलं नाही) लिहिलंय. सगळे पैसे वाया गेले का? – एक वाचक, कोल्हापूर

बहुधा नाही, पण आधी हे पाणी का पाजतात ते बघू. न फुगवलेला फुगा हातात घ्या. रबर जाड लागतं. फुगवलात की तेच रबर कागदासारखं पातळ. आतड्याचंही तसंच. मिटलेलं निरोगी आतडं, विशेषतः वरचं जेजुनम, ५ मिमी जाड दिसू शकतं आणि कॉन्ट्रास्टने (चित्र उजळायला शिरेतून दिलेल्या औषधाने) चकाकतंही. म्हणजे सूज नसताना सूज दिसते. उलट मिटलेल्या घड्यांत खरी छोटी जखम लपून जाते.

साधं पाणी चालत नाही, कारण ते शेवटच्या भागापर्यंत पोचायच्या आधीच शोषलं जातं. म्हणून त्यात आतड्यात टिकणारं काहीतरी मिसळतात. आपल्याकडे सर्रास मॅनिटॉल, काही ठिकाणी पॉलिएथिलीन ग्लायकॉल. २० टक्के मॅनिटॉलची सलाईनसारखी बाटली मिळते. त्यातलं सुमारे १९० मिलि घेऊन पाणी घालून एकूण १५०० मिलि केलं की अडीच टक्क्यांचं द्रावण होतं. मेंदूवरची सूज उतरवायला शिरेतून देतात तीच बाटली, इथे फक्त प्यायची. हे केंद्रातच करू द्या, घरी मिसळत बसू नका. केंद्र चालवणाऱ्यांसाठी एक सूचना: थंडीत या बाटलीत खडीसाखरेसारखे स्फटिक तळाशी बसतात. ते तसेच ठेवून वरचं ओतलं तर द्रावण कमकुवत होतं आणि मग ‘पेशंट नीट प्यायला नाही’ असा शेरा पडतो. बाटली गरम पाण्यात ठेवून स्फटिक पूर्ण विरघळवावेत, मगच मोजावं.

पिण्याचा वेग हीच खरी मेख. चार ते सहा तास उपाशी राहून यायचं. दीड लिटरचे ३०० मिलिचे पाच पेले, साधारण दर दहा मिनिटांनी एक, आणि शेवटचा पेला टेबलावर जायच्या तोंडावर. घटाघटा प्यायलं तर जठर ताणलं जाऊन उलटी होते. तुमचं तेच झालेलं दिसतं. दोन तास चघळत प्यायलं तर पहिले पेले मोठ्या आतड्यात गेलेले असतात आणि वरचं आतडं परत मिटलेलं. मधल्या वेळात खुर्चीत बसून राहू नका, फेऱ्या मारा. थंडगार द्रावण कमी मळमळतं. मळमळ होतच असेल तर आधी सांगा. तिथले डॉक्टर त्यावर औषध देऊ शकतात.

पोट फुगून उलट्या होत असतील, वारा सरत नसेल किंवा आतडं फार आकसल्याचं आधीच माहीत असेल, तर दीड लिटर पिऊच नका. आधी डॉक्टरांना सांगा, प्रमाण कमी करतात किंवा तपासणीच बदलतात.

चित्रं घेण्याआधी आतड्याची हालचाल थांबवायला हायोसिनचं, म्हणजे बुस्कोपानचं २० मिलिग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून देतात. काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार, वेगवान धडधडीचा हृदयविकार, मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) किंवा प्रोस्टेटमुळे लघवी तुंबण्याचा त्रास असेल तर ते चालत नाही. फॉर्मवर लिहिलं असलं तरी तोंडाने पुन्हा सांगा. नंतर तासभर नजर थोडी धूसर राहते, गाडी चालवू नका. गॅडोलिनियमच्या कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या कामाचा, ताजा रिपोर्ट सोबत हवा. तपासणीनंतर तीन-चार तास पातळ जुलाब होतात. तो बिघाड नाही, मॅनिटॉलच बाहेर पडतं. कोल्हापूरहून पुण्याला येऊन तपासणी केलीत तर लगेच एसटी पकडू नका, एवढंच.

आता तुमचा रिपोर्ट. ‘सबऑप्टिमल’ हा शेरा अख्ख्या आतड्याबद्दल असतो. तुमचा प्रश्न टर्मिनल इलियमचा आहे आणि त्या भागासाठी लिटरभर पाणी पुष्कळदा पुरतं. रेडिओलॉजिस्टना एवढंच विचारा: ‘टर्मिनल इलियम कुठल्या तरी एका मालिकेत तरी उघडलेलं दिसलं का?’ तपासणीत अर्ध्या तासात वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा पुन्हा चित्रं घेतात. एखादा भाग पाच मालिकांत मिटलेला आणि एका मालिकेत उघडून पातळ भिंतीचा दिसला, तर तो निरोगी. खरी सूज अशी येत-जात नाही. उत्तर ‘हो’ असेल तर तपासणी वाया गेलेली नाही. ‘नाही’ असेल तर त्याच भागाची सोनोग्राफी करून घ्या, दुसऱ्यांदा दीड लिटर पिण्याआधी.

जाता जाता: मॅनिटॉल प्यायलेल्या दिवशीच कोलोनोस्कोपीही उरकून घेऊ, असं काही जण ठरवतात. मोठ्या आतड्यातले जंतू मॅनिटॉलपासून हायड्रोजन वायू तयार करतात आणि विजेच्या तारेने पॉलिप कापताना त्याचा स्फोट झाल्याच्या नोंदी आहेत. तो विषय डॉक्टरांच्या कानावर आधी घालायलाच हवा.

पोटाची सोनोग्राफी तीनदा झाली, तिन्ही वेळा ‘नॉर्मल, पोटात गॅस’. कोलोनोस्कोपीत मात्र जखमा निघाल्या. सोनोग्राफीचा काहीच उपयोग नाही का? – एक वाचक, ठाणे

उपयोग आहे, पण तुमची झाली ती वेगळी तपासणी. पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीत लिव्हर, पित्ताशय, किडन्या, मूत्राशय एवढं बघतात. आतडं त्या यादीतच नसतं. आतड्याची सोनोग्राफी वेगळी मागावी लागते आणि चिठ्ठीवर डॉक्टरांनी प्रश्न लिहावा लागतो: ‘टर्मिनल इलियम आणि सिग्मॉइड, भिंतीची जाडी मिमीमध्ये, डॉपलरसह.’ सिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याचं गुदाशयाआधीचं वळण, डॉपलर म्हणजे सोनोग्राफीतच रक्तप्रवाह दाखवणारी पद्धत. टर्मिनल इलियम, चढतं आणि उतरतं मोठं आतडं, सिग्मॉइड हे भाग छान दिसतात. गुदाशय खोल असल्याने नीट दिसत नाही, जेजुनम हाताला लागत नाही आणि पोटावर चरबी जास्त असली की सगळंच अवघड. तयारी जवळपास काही नाही, किरणोत्सर्ग नाही, पाणी प्यायचं नाही. औषध लागू पडतंय का, हे वरचेवर बघायला याहून सोयीचं काही नाही.

जर्मनी-इटलीत पोटविकारतज्ज्ञ ओपीडीतच प्रोब लावून दोन मिनिटांत भिंत मोजतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते आणि ते कुणी वापरायचं हेही ठरलेलं आहे. कायद्यामागचं कारण रास्तच आहे. परिणाम असा की आतड्याची सोनोग्राफी जवळपास पूर्णपणे रेडिओलॉजिस्टच्या हातात आहे, म्हणून पुढचं पत्र आम्हाला विशेष मोलाचं वाटलं.

मी तालुक्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट आहे. आता क्रोन्सचे पेशंट इथेच फॉलो-अपला येतात. भिंत नेमकी कशी मोजायची? दोन तपासण्यांत २ मिमीचा फरक आला तर तो आजाराचा की माझ्या हाताचा? – लातूर जिल्हा

आधी कॉन्व्हेक्स प्रोबने आतडं शोधा, मोजताना मात्र ७ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा लिनियर प्रोब. डाव्या बाजूला सोअस स्नायू आणि इलियाक रक्तवाहिन्या ओलांडणारं सिग्मॉइड सापडतं. तिथून उतरत्या आतड्याने वर चढा. उजवीकडे त्याच खुणांवरून टर्मिनल इलियम ओलांडून सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकात) शिरतं. हळूहळू दाब वाढवलात की मधला गॅस बाजूला सरतो.

मोजायची सुरुवात पोकळी आणि म्युकोसा (अस्तर) यांच्या सीमेवर, शेवट मस्क्युलॅरिसच्या (स्नायूच्या थराच्या) काळ्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेवर. पुढची भिंत मोजा, मागची गॅसच्या सावलीत असते. दोन मापं उभ्या छेदात, दोन आडव्या छेदात, एकमेकांपासून सेंटिमीटरभर लांब, चौघांची सरासरी. चुका ठरलेल्या आहेत. छेद तिरका गेला की जाडी वाढते. मोठ्या आतड्याच्या हॉस्ट्रल घडीवर कॅलिपर पडला तरी वाढते. आतडं आकुंचन पावत असताना मोजलं तरी वाढते, म्हणून मिनिटभर थांबून त्याच जागी परत बघा. आणि शेजारची पांढरी सुजलेली चरबी भिंतीत मोजली, तर ५चे ८ मिमी होतात. तुमच्या २ मिमीचा उलगडा बऱ्याचदा याच चारांपैकी एकात असतो.

डॉपलरचा वेगाचा स्केल ५ ते ७ सेंमी प्रति सेकंदावर आणा, वॉल फिल्टर कमी ठेवा, गेन पार्श्वभूमीची गुणगुण जेमतेम दिसेनाशी होईपर्यंत. या वेळी प्रोब दाबायचा नाही. दाबलात की बारीक रक्तवाहिन्या चिरडून भिंत ‘शांत’ दिसते. बी-मोडमध्ये (साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात) दाबायची सवय असलेला हात इथे नकळत दाबतो.

मोठ्या आतड्याच्या कोलायटिससाठी मिलान निकष सोपा आहे: जाडीचे मिलिमीटर गुणिले १.४, आणि डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसला तर अधिक २. ६.२च्या वर गेलं तर आजार जागा. ४ मिमी भिंत, डॉपलर शांत: ५.६. तीच ४ मिमी, डॉपलर सुरू: ७.६. म्हणून ‘४ मिमी’ एवढंच लिहून रिपोर्ट संपवू नका.

उपचाराचा प्रतिसाद तज्ज्ञांच्या सहमतीने असा धरतात: जाडी २५ टक्क्यांनी किंवा २ मिमीपेक्षा जास्त उतरली, किंवा १ मिमीपेक्षा जास्त उतरली आणि डॉपलर एका पायरीने खाली आला. ३ मिमी किंवा कमी जाडी आणि डॉपलर शांत, तर भिंत पूर्ण बरी. बायोलॉजिक (सुजेचा ठरावीक दुवा रोखणारं प्रथिनाचं औषध) सुरू केल्यावर साधारण चौदाव्या आठवड्याची तपासणी महत्त्वाची. रिपोर्टात भाग, चार मापांची सरासरी, आजारी भागाची लांबी, डॉपलर, थर ओळखू येतात की पुसलेत, चरबी, आकसणं, एवढं दर वेळी त्याच क्रमाने लिहा. पुढच्या वेळी तुमची जागा दुसऱ्याने घेतली तरी तुलना होते.

सीटी की एमआर? सीटी स्वस्त आहे आणि पाच मिनिटांत होतं. – एक वाचक, जळगाव

रात्री दोन वाजता पोट लाकडासारखं कडक झालंय, ताप आहे, तर सीटीच. आतडं फुटलंय का, गळू आहे का, अडकलंय का, हे सीटी झटपट सांगतं आणि तिथे किरणोत्सर्गाचा विचार करत बसायचं नसतं. नियमित फॉलो-अपची गोष्ट वेगळी. पोटाच्या एका सीटीत नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या तीन-चार वर्षांइतका डोस जातो. विशी-तिशीतल्या माणसाला हा आजार पुढे चाळीस वर्षं सांभाळायचा असतो. दर वर्षी सीटी केलं तर बेरीज कुठे जाईल ते बघा. एमआर किंवा सोनोग्राफी शक्य असताना केवळ लवकर होतं म्हणून सीटी नको.

आईच्या सीटीत लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर जाडी आहे. एक डॉक्टर टीबी म्हणतात, दुसरे क्रोन्स. दोघं एकच फोटो बघून वेगळं कसं बोलतात? – एक वाचक, सोलापूर

कारण फोटो खरंच सारखे दिसतात. दोन्ही आजारांना तीच जागा आवडते आणि आपल्याकडे टीबी एवढा आहे की तो बाजूला सारून पुढे जाता येत नाही.

कल कुठे आहे, ते सीटी सांगतं. एकाच ठिकाणी छोटा भाग, उघडी पडलेली झडप, आकसलेलं सीकम, मध्यभागी काळ्या दिसणाऱ्या म्हणजे कुजलेल्या गाठी, पोटात पाणी, ही टीबीकडची चिन्हं. मधे मधे निरोगी भाग सोडून अनेक ठिकाणी सूज, लांबलचक भाग, कोंब साइन, आतड्याच्या मेसेंटरीकडच्या (आतडं पोटाला जोडणाऱ्या पडद्याकडच्या) बाजूला जास्त जाडी, ही क्रोन्सकडची. कुजलेल्या गाठी दिसल्या तर टीबीचं पारडं खूपच जड होतं; बाकी एकेकट्या चिन्हावर कुणी निदान करू नये. छातीचा एक्स-रे झाला नसेल तर आधी तो करा. बायॉप्सीत टीबीचे जंतू शोधायला जीनएक्सपर्ट आणि कल्चर पाठवलं असेल आणि ते निगेटिव्ह आलं असेल, तरी टीबी नाही असं होत नाही. आतड्यात जंतू मुळातच कमी असतात.

एवढं करूनही ठरलं नाही तर टीबीची औषधं देऊन बघतात, आणि इथेच गल्लत होते. ‘आईला बरं वाटतंय’ हा पुरावा धरायचा नाही, क्रोन्सच्या पेशंटलाही थोडं बरं वाटतं. दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून जखमा भरल्या का ते बघायचं. टीबी असेल तर तोवर स्पष्ट सुधारणा दिसते. सहा महिन्यांनी पुन्हा. जखमा जशाच्या तशा असतील तर निदानाचा फेरविचार, नुसती औषधं लांबवत नेणं नाही. उलट जखमा भरल्या आणि सीटीत आकसणं मात्र राहिलं, तर घाबरायचं नाही. तो भरलेल्या जखमेचा व्रण असू शकतो. या काळात ‘सूज उतरायला’ म्हणून स्टेरॉइड कुणी द्यायला निघालं तर सुरू करण्याआधी विचारा. टीबी असेल तर तो पसरेल, आणि नसेल तरी चाचणीचं उत्तर गढूळ होईल.

मूळव्याध समजून वर्ष काढलं, निघालं अल्सरेटिव्ह कोलायटिस. एमआर का सांगितलं नाही? – एक वाचक, परभणी

गरज नाही म्हणून. हा आजार गुदाशयापासून वर सरकतो आणि अस्तरातच राहतो, म्हणजे दुर्बिणीला थेट दिसतो. तीव्र झटक्यात मात्र चित्र लागतं, आणि ते साध्या एक्स-रेचं. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच आणि सोबत ३७.८ अंशांवर ताप, ९०च्या वर नाडी, १०.५च्या खाली हिमोग्लोबिन किंवा ३०च्या वर ईएसआर (रक्तातलं सुजेचं माप) यांतलं काहीही असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात भरती. पोटाच्या एक्स-रेत आडवं आतडं साधारण ६ सेंमी किंवा जास्त फुगलेलं दिसलं तर धोक्याची घंटा. अशा वेळी पोटसाफीचं औषध पाजून पूर्ण कोलोनोस्कोपी करत नाहीत, आतडं फुटू शकतं. तयारीशिवाय छोटी दुर्बीण खालच्या भागापुरती घालतात.

क्रोन्समुळे भगंदर झालं होतं. बायोलॉजिकच्या इंजेक्शनांनी तोंड बंद झालं, पस थांबला. तरी पेल्व्हिसचा (ओटीपोटाच्या तळाचा) एमआरआय सांगितलाय. – एक वाचक, मडगाव

करा. बाहेरचं तोंड कातडीचं असतं आणि कातडी लवकर मिटते. आतली वाट महिनोन्‌महिने ओली राहते. एमआरआयवर भगंदर भरायला बाहेरच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. टी-टू प्रकारच्या, चरबी दाबलेल्या चित्रात वाट पांढरी चमकत असेल तर आत द्रव किंवा ओली ऊती आहे; काळी दोरी दिसत असेल तर व्रण, म्हणजे भरलेली. पस साचलाय की नुसती ओली ऊती, हे कॉन्ट्रास्टने कळतं: ऊती उजळते, पस काळाच राहून कडा उजळतात. तोंड बंद आणि आत पस, असं निघालं तर आधी निचरा, मग पुढचं इंजेक्शन.

या तपासणीला मॅनिटॉल प्यायचं नाही, पोटसाफी नाही. फक्त चित्रांचे छेद गुदमार्गाच्या अक्षाला समांतर आणि काटकोनात घेतलेले हवेत. शरीराच्या सरळ आडव्या छेदांत स्फिंक्टर (गुदद्वार आवळणारा स्नायू) तिरका कापला जातो आणि वाट त्याच्या आतून जाते की बाहेरून, हे चुकतं. शल्यचिकित्सकाला नेमकं तेच हवं असतं.

क्षारसूत्राबद्दलही, म्हणजे भगंदर हळूहळू कापणाऱ्या आयुर्वेदिक औषधी दोऱ्याबद्दलही, तुम्ही विचारलंय. साध्या भगंदरात त्याचा उपयोग होतो. क्रोन्सच्या भगंदरात, विशेषतः गुदाशय सुजलेला असताना, हळूहळू कापत जाणारा कुठलाही उपाय न भरणारी जखम आणि शौचावरचा ताबा जाण्याचा धोका घेऊन येतो. क्रोन्स आहे हे करणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

गरोदरपणात क्रोन्स उसळला तर काय करतात? – एक वाचक, पुणे

आधी कॅलप्रोटेक्टिन आणि आतड्याची सोनोग्राफी. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयामुळे टर्मिनल इलियम वर सरकतं, तिथे शोधावं लागतं. त्याने भागलं नाही तर एमआर, पण गॅडोलिनियमशिवाय. सीटी फक्त जिवावर बेतल्यावर.

कॅप्सूल एन्डोस्कोपीची (आत छोटा कॅमेरा असलेली) गोळी गिळून तीन आठवडे झाले. ती बाहेर पडलेली दिसली नाही. आता एमआरआय सांगितलाय, करू का? – एक वाचक, नागपूर

आजच करू नका. गोळीत धातू आणि बॅटरी असते. आधी पोटाचा साधा एक्स-रे काढा. अनेकदा गोळी कधीच पडून गेलेली असते, लक्षात आलेलं नसतं. एक्स-रेत दिसली, तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ आत राहिली म्हणजे ती अडकली असं धरतात, आणि अडकली म्हणजे तिथे आतडं आकसलेलं आहे. तपासणीने न मागता दिलेलं उत्तरच ते. पोट दुखत-फुगत नसेल तर घाई नसते. सूज उतरवायची औषधं देऊन वाट बघतात, नाहीतर दुर्बिणीने काढतात, क्वचित ऑपरेशन. क्रोन्स माहीत असलेल्यांनी खरी गोळी गिळण्याआधी विरघळणारी चाचणीची गोळी मागावी. ती अडकली तरी आपोआप विरते. आणि एमआरआयच्या फॉर्मवर ‘शरीरात धातू आहे का’ या रकान्यात पेसमेकर, स्क्रू यांच्या जोडीला गिळलेली कॅप्सूलही तारखेसह लिहा. ती कुणी विचारत नाही.